नॅनोटेक लोकांपर्यंत न्यायचंय? मग आधी सायन्स म्युझियमवाल्यांसोबत बसा

नॅनोवर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाच्या मापातल्या वस्तूंवर, काम करणाऱ्या एखाद्या लॅबला वाटतं की आपण लोकांसाठी काहीतरी करूया, आणि मग बहुतेक वेळा काय होतं तर मागच्या कॉन्फरन्सचं पोस्टर बाहेर काढलं जातं, त्याचं मराठी करून घेतात, आणि जवळच्या विज्ञान केंद्राला फोन जातो की रविवारी एक हॉल मिळेल का. हेतू चांगलाच असतो. पण हॉल मागणं वेगळं आणि सोबत काम करणं वेगळं. आपल्याला विषय कळतो, पण समोर सात वर्षांचं पोर आणि त्याची आजी एकाच टेबलापाशी उभी आहेत, दोघांनाही दोन मिनिटांत हाताने काहीतरी करून बघायला द्यायचंय, मागे पंधरा जण खोळंबलेत, हे आपण कधी केलेलं नसतं. विज्ञान केंद्रातले लोक हे रोज करतात. म्हणून त्यांना पहिल्या दिवसापासून सोबत घ्यायचं, एवढंच मला या गाईडमधून सांगायचंय, बाकी सगळं ते कसं करायचं याबद्दल आहे. मी अमेरिकेत पीएचडी करताना म्युझियमच्या टेबलापाशी उभं राहून हे काम केलंय, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील, पण सामान आपल्या स्वयंपाकघरातलं आणि बाजारातलं सुचवणार आहे.

हे तिकडे कसं सुरू झालं ते आधी

अमेरिकेत २००० साली सरकारने नॅशनल नॅनोटेक्नॉलॉजी इनिशिएटिव्ह सुरू केलं, २००३ मध्ये त्यासाठी कायदाच आला, आणि मग प्रश्न उभा राहिला की एवढा पैसा ज्या गोष्टीवर चाललाय ती गोष्ट लोकांना कोण समजावणार, कारण नॅनो डोळ्याने दिसत नाही, साध्या मायक्रोस्कोपनेही दिसत नाही. त्याच सुमारास न्यूयॉर्क राज्यात इथाका नावाच्या छोट्या गावात कॉर्नेल युनिव्हर्सिटीच्या नॅनोबायोटेक्नॉलॉजी सेंटरने आणि तिथल्या सायन्सेंटर नावाच्या म्युझियमने मिळून लहान मुलांसाठी एक प्रदर्शन तयार केलं होतं. मग २००५ मध्ये नॅशनल सायन्स फाउंडेशनने ५ वर्षांसाठी २ कोटी डॉलर देऊन एक नेटवर्कच उभं केलं, नाईस नेट (नॅनोस्केल इन्फॉर्मल सायन्स एज्युकेशन नेटवर्क). पुढाकार तीन म्युझियमांचा, बोस्टनचं म्युझियम ऑफ सायन्स, मिनेसोटाचं सायन्स म्युझियम आणि सॅन फ्रान्सिस्कोचं एक्स्प्लोरेटोरियम. नीट बघा, पैसा युनिव्हर्सिटीला देऊन म्युझियमला शेवटी बोलावलं असं केलं नाही, कामाची सूत्रं म्युझियमकडे दिली आणि शास्त्रज्ञांना त्यांच्याशी जोडून घेतलं. मला हा निर्णय सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

२००८ पासून दरवर्षी वसंत ऋतूत त्यांनी नॅनोडेज सुरू केले. एक तयार किट, त्यात प्रयोगांचं सामान, बोर्ड, टेबलावर ठेवायच्या सूचना, एक्सप्लेनरसाठी, म्हणजे प्रयोग समजावणाऱ्या माणसासाठी, माहिती, सगळं, आणि ते देशभरातल्या म्युझियमांना, युनिव्हर्सिट्यांना फुकट पाठवायचं. त्या आठवड्यात जवळच्या लॅबमधले स्टुडंट म्युझियममध्ये येऊन टेबल सांभाळायचे. शिवाय ४०० चौरस फुटांत बसेल असं छोटं प्रदर्शन बनवलं, इंग्लिश आणि स्पॅनिश दोन्ही भाषांत, आणि त्याच्या प्रती गावोगावच्या छोट्या म्युझियमांना दिल्या. नॅनोसाठीचा मुख्य निधी संपल्यावरही हे नेटवर्क बंद पडलं नाही, आद्याक्षरं तीच ठेवून नावातला नॅनो काढून स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, इंजिनियरिंग, गणित) घातलं आणि अंतराळ वगैरे विषयांवर तसंच काम चालू ठेवलं. म्हणजे त्या पैशातून नुसती प्रदर्शनं उभी राहिली नाहीत, शास्त्रज्ञ आणि म्युझियम यांच्यात ओळखी तयार झाल्या आणि त्या टिकल्या.

पहिली भेट

भेटायला जायच्या आधी एक काम करा, साधं तिकीट काढून एका रविवारी त्या केंद्रात जा आणि नुसतं बघा. लोक कुठल्या मांडणीपाशी थांबतात, किती वेळ थांबतात, बोर्ड कोण वाचतं (फार कमी जण वाचतात), आईवडील मुलांना काय सांगतात. मुंबईत नेहरू सायन्स सेंटर आहे, नागपूरला रमण विज्ञान केंद्र, पणजीला मिरामारचं गोवा सायन्स सेंटर, पुण्यात आयुकाच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका, पिंपरी-चिंचवडला सायन्स पार्क, जे जवळ असेल ते. तुम्ही अमेरिकेत किंवा युरोपात असाल तर तुमच्या युनिव्हर्सिटीच्या गावात काही ना काही असतंच.

मग एज्युकेशन ऑफिसरला भेटा. डायरेक्टरला पत्र द्यायला हरकत नाही पण काम पुढे सरकतं ते एज्युकेशनवाल्यांकडून. भेटीत स्लाइड्स दाखवू नका, प्लीज. विचारा. तुमच्याकडे कोण येतं, शाळांच्या सहली कुठल्या महिन्यात जास्त, तुम्हाला कुठल्या विषयावर माणसं कमी पडतात, आधी कुठल्या लॅबसोबत काम केलंय का आणि त्यात काय अडचण आली. या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लक्ष देऊन ऐका, त्यात तुम्हाला पुढच्या सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मिळेल.

आणि सगळं ठरलं की ते एका पानावर लिहून काढा. करार वगैरे नंतर, आधी साधं पान. सामान कोण आणणार, संपलं की कोण भरणार, किती स्टुडंट येणार आणि किती वाजता, बोर्डावरचा मजकूर शेवटी कोण पास करणार. मजकुराबद्दल माझं मत पक्कं आहे, विज्ञान बरोबर आहे की नाही हे लॅब सांगेल, पण वाक्य कसं असावं आणि किती लांब असावं हे म्युझियम ठरवेल. शास्त्रज्ञाला प्रत्येक वाक्यात एक 'परंतु' घालायचा असतो, मलाही असतो, आणि तसे तीन 'परंतु' घातले की बोर्ड कोणी वाचत नाही.

एकच गोष्ट निवडा

नाईस नेटने पुष्कळ विचार करून नॅनोबद्दल लोकांना सांगायच्या चार गोष्टी ठरवल्या होत्या. माझ्या शब्दांत सांगते: नॅनो आकाराच्या वस्तू अतिशय लहान असतात आणि मोठ्या वस्तूंपेक्षा बऱ्याचदा वेगळ्या वागतात; शास्त्रज्ञ आणि इंजिनियर मिळून त्या आकारात काम करायला शिकलेत; त्यातून आधी शक्य नव्हत्या अशा नव्या गोष्टी बनतात; आणि या सगळ्याचे फायदे आहेत तसे खर्च आणि धोकेही आहेत, जे आधी पूर्ण कळत नाहीत. एका टेबलावर यातली एकच गोष्ट. माणूस टेबलापाशी दोनतीन मिनिटं असतो, तेवढ्यात तुमचा क्वांटम डॉटवरचा थीसिस मावणार नाही, पण "लहान झालं की वागणं बदलतं" हे नक्की मावेल.

आता टेबलावर काय ठेवायचं

सुरुवात आकारापासून करा आणि इथे आपल्याला आपली मोजणी फार कामाला येते. १ सेंटीमीटर म्हणजे बरोब्बर १ कोटी नॅनोमीटर. इंग्लिशमध्ये मिलियन बिलियन करत बसावं लागतं, आपल्याकडे पोराला भिंतीवरच्या पट्टीपाशी उभं करा, १२० सेंटीमीटर भरलं तर तू १२० कोटी नॅनोमीटर उंच आहेस, झालं. मुलं हा आकडा घरी जाऊन सांगतात. त्यालाच जोडून सांगा की माणसाचा केस साधारण ८० हजार ते १ लाख नॅनोमीटर जाड असतो, डीएनएची रुंदी सुमारे २ नॅनोमीटर, आणि आपलं नख सेकंदाला जवळपास १ नॅनोमीटर वाढतं, म्हणजे "नख" म्हणेपर्यंत ते एक नॅनोमीटर वाढलेलं असतं.

दुसरा प्रयोग कागदाच्या पट्टीचा. २० सेंटीमीटर लांब पट्टी घ्यायची आणि अर्धी कापायची, परत अर्धी, परत अर्धी. आठव्या वेळी तुकडा एक मिलिमीटरपेक्षाही लहान होतो आणि कात्री हरते. नॅनोमीटरपर्यंत पोचायला साधारण २८ वेळा अर्धं करायला लागेल. कात्री बोथट टोकाची घ्या आणि प्रत्येकाला एकच पट्टी द्या नाहीतर संध्याकाळी टेबलाखाली कचराच कचरा.

मग वागणं बदलतं ते दाखवायचं. सगळ्यात सोपं म्हणजे फसफसणारी गोळी. दोन सारख्या ग्लासात सारखं पाणी, एकात अख्खी गोळी, दुसऱ्यात तशीच गोळी कुटून पूड करून, दोन्ही एकदम टाका. पूड भसकन वर येते. पदार्थ तोच, वजन तेच, पण पाण्याला भिडणारी जागा वाढली. इथे मोठ्यांसाठी एक हिशोब तयार ठेवा: १ सेंटीमीटरचा ठोकळा घेतला तर त्याच्या सगळ्या बाजू मिळून ६ चौरस सेंटीमीटर पृष्ठभाग. त्याचेच १ मिलिमीटरचे ठोकळे केले तर ६०. आणि १ नॅनोमीटरचे केले तर ६,००० चौरस मीटर, म्हणजे जवळपास दीड एकर, साठ गुंठे! शेतीची माणसं समोर असतील तर हे गुंठ्यातच सांगा, मी बघितलंय की चेहराच बदलतो, आणि मग कॅटॅलिस्टला, म्हणजे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणाऱ्या पदार्थाला, नॅनो आकारात का बनवतात हे वेगळं समजवायला लागत नाही. फक्त पूड नॅनो आकाराची आहे असं चुकूनही बोलू नका, ती नाहीये, ती त्या दिशेने जाणारं उदाहरण आहे, आणि तसं स्पष्ट सांगायचं.

भातुकलीचा प्रयोग मला सगळ्यात आवडतो. एक नेहमीचा कप आणि एक भातुकलीतला एकदम चिमुकला कप, नखाएवढा, मोठा चालणार नाही. दोन्हीत पाणी भरून उलटे करा. मोठ्यातलं पाणी पडतं, चिमुकल्यातलं पडत नाही, कारण तेवढ्या आकारात गुरुत्वाकर्षणापेक्षा पृष्ठताण भारी पडतो. आधी मुलांना विचारा काय होईल, मग करायला द्या, तुम्ही करून दाखवू नका. खाली ट्रे आणि पुसायला फडकी ठेवा. भातुकलीचे कप फार लहान मुलांच्या तोंडात जातात तेव्हा तीन वर्षांखालच्यांच्या हातात देऊ नका.

अळूचं पान. पावसाळ्यात आणि नंतरही सहज मिळतं, आणि अळवावरचं पाणी सगळ्यांनी बघितलेलं असतं, पण का घरंगळतं हे फार जणांनी विचारलेलं नसतं. पानावर मेणाचे अतिसूक्ष्म उंचवटे असतात, थेंब त्यांच्या टोकांवर बसतो आणि खाली हवा राहते. ड्रॉपरने थेंब टाका, मग पानाचा एक भाग बोटाने चोळून परत टाका, तिथे पाणी पसरतं. शेजारी डाग न लागणाऱ्या कापडाचा तुकडा ठेवला की निसर्गातून तंत्रज्ञानाकडे एका पावलात पोचता. पानं सकाळी ताजी आणायची, सुकलेली चालत नाहीत.

मोरपीस, गळलेलं. समोरून टॉर्च मारला तर निळं-हिरवं चमकतं, पिसामागून उजेड पाडून बघितलं तर तपकिरी. तो निळा रंग रंगद्रव्याचा नाही, आतल्या नॅनो रचनेवर प्रकाश आपटून तयार झालेला आहे. तसाच दुसरा प्रयोग पारदर्शक नेलपॉलिशचा: बशीत पाणी, त्यात काळ्या कागदाची पट्टी बुडवून ठेवायची, वर नेलपॉलिशचा एकच थेंब, तो पसरला की कागद हळूच वर उचलायचा, वाळल्यावर त्यावर इंद्रधनुष्यी रंग दिसतात. तो थर काहीशे नॅनोमीटर जाड असतो. मुलांना हा कागद घरी नेता येतो म्हणून इथे सगळ्यात लांब रांग लागते, तेव्हा हे टेबल दारापाशी लावू नका, आणि वास येतो म्हणून बंद खोलीतही नको.

फेरोफ्लुइड मिळालं तर जरूर ठेवा, पण घट्ट सीलबंद बाटलीतच. साधारण १० नॅनोमीटरचे लोहाच्या ऑक्साइडचे कण तेलात तरंगत ठेवलेले, बाहेरून चुंबक लावला की द्रवाला काटे फुटतात. हे १९६० च्या दशकात नासामध्ये रॉकेटच्या इंधनावर काम करताना बनलं होतं, ही गोष्ट मोठ्या मुलांना आवडते. बाटली उघडी ठेवली तर कपड्यावरचे डाग जात नाहीत. आणि ते छोटे जोरदार चुंबक सुटे कधीच ठेवू नका, दोन गिळले तर आतड्यात एकमेकांना ओढतात आणि ऑपरेशनची वेळ येते, काठीला पक्के चिकटवूनच द्या.

तुमच्या लॅबमध्ये सोन्याचे नॅनोकण बनत असतील तर त्याची लाल रंगाची सीलबंद बाटली आणा, सोनं लाल दिसतं हे बघून लग्नसराईच्या दिवसांत तर आयाबाया थांबतातच. मायकेल फॅरडेने १८५७ मध्ये असे लाल द्रव अभ्यासले होते आणि त्याच्या बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये अजून जपून ठेवल्यात.

बोलायचं कसं

इथे लॅबवाल्यांना ट्रेनिंग लागतं, कितीही हुशार असले तरी. सिअॅटलच्या पॅसिफिक सायन्स सेंटरने 'पोर्टल टु द पब्लिक' नावाचा एक प्रोग्राम खास यासाठी उभा केला, शास्त्रज्ञांना म्युझियममधल्या लोकांकडून समोरासमोर बोलायला शिकवायचं आणि प्रत्येकाने स्वतःच्या संशोधनावर हाताळता येईल अशी एक छोटी गोष्ट तयार करायची. आपल्याकडे त्याची छोटी आवृत्ती अशी करता येते: कार्यक्रमाच्या दोन आठवडे आधी एक दुपार केंद्रात, लॅबचे स्टुडंट टेबल लावतात आणि तिथले एक्सप्लेनर पब्लिक बनून प्रश्न विचारतात. त्यात कळतं की "फंक्शनलाइज", "सिंथेसाइज", "कॅरॅक्टराइज" हे शब्द आपल्या तोंडातून किती सुटतात.

सवय एकच लावायची, आधी विचारायचं मग सांगायचं. "काय होईल वाटतं?" "आधी कुठे बघितलंय असं?" मुलाने चुकीचं सांगितलं तर लगेच दुरुस्त न करता "चल करून बघू". सोबतच्या मोठ्या माणसाला बाजूला टाकू नका, प्रश्न आजीलाही विचारा, घरी गेल्यावर पोराशी तीच बोलणार आहे. माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा, आणि हे कोणाला माहीत असेल ते सांगा. आणि स्वतःबद्दल बोला, मी सोलापूरची, मराठी शाळेत शिकले, आता रोज या बाटल्यांसोबत काम करते. नॅनोमीटर विसरला जाईल पण एक शास्त्रज्ञ आपल्यासारखं बोलते हे एखादी मुलगी विसरणार नाही.

धोक्यांबद्दल गप्प बसू नका

नॅनोचं सगळं चांगलंच आहे असं सांगितलं तर लोकांना ते जाहिरात वाटतं, आणि त्यांचं बरोबर असतं. यासाठी चांगलं उदाहरण म्हणजे चांदीचे नॅनोकण घातलेले मोजे. चांदीने बॅक्टेरिया मरतात म्हणून वास येत नाही, सोय आहे. पण २००८ मध्ये अॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी असे मोजे पाण्यात धुऊन बघितले तर काही मोज्यांतून चांदी पाण्यात उतरली, आणि ते पाणी पुढे नाल्यात, नदीत जातं, तिथले उपयोगी बॅक्टेरियाही चांदीला वेगळं ओळखत नाहीत. टेबलावर एक मोज्यांची जोडी ठेवा आणि विचारा, तुम्ही घ्याल का? सैनिकाला द्याल का? मधुमेह असलेल्या, पायाला जखम लवकर होणाऱ्या माणसाला द्याल का? रोज वापराल का? उत्तर एकच नाही, हेच लोकांना कळायला पाहिजे. नाईस नेटने असल्या गप्पांवर बराच भर दिला होता आणि माझ्या मते शास्त्रज्ञांना सगळ्यात जास्त शिकायला इथेच मिळतं, कारण लोक असे प्रश्न विचारतात जे लॅबमध्ये कोणी विचारत नाही, की हे फेकून दिल्यावर काय होतं, झाडणाऱ्या बाईंच्या हाताला लागलं तर काय, स्वस्त कधी होणार.

चालतंय का ते बघा

कार्यक्रमाआधी एका साध्या दिवशी एकच टेबल लावून दहाबारा कुटुंबांवर प्रयोग करून बघा. नाईस नेटमध्ये याची सोपी पद्धत होती: एक प्रश्न ठरवा, माहिती गोळा करा, सगळ्यांनी मिळून विचार करा, सुधारा, परत पहिल्यापासून सुरू करा. प्रश्न छोटा ठेवा, उदाहरणार्थ "लोकांना कळतं का की पूड आणि गोळी एकाच वजनाची आहेत?" एक जण बोलतो, दुसरा बाजूला वही घेऊन उभा राहतो. गुण देण्याचे फॉर्म नकोत, लोक सौजन्याने छानच लिहितात. त्याऐवजी जाताना विचारा की घरी गेल्यावर कोणाला काय सांगाल, जे सांगतील तेच पोचलंय.

पैसा, परवानगी, तारखा

नाईस नेटचं बरंचसं साहित्य ऑनलाइन फुकट आहे आणि क्रिएटिव्ह कॉमन्सखाली दिलेलं आहे, म्हणजे विकायचं नाही, त्यांचं नाव द्यायचं आणि तुम्ही बदललेलं साहित्यही इतरांना तसंच खुलं ठेवायचं, एवढ्या अटींवर मराठी करता येतं. डाउनलोड केलेल्या फाइलवरची लायसन्सची ओळ मात्र वाचून घ्या. मराठी करताना एका शाळेच्या शिक्षकाला सोबत घ्या.

अमेरिकेत ग्रँट लिहिताना समाजाला काय उपयोग हा भाग असतोच, तिथे म्युझियमचं नाव, त्यांच्या माणसांच्या वेळेचा पगार आणि सामानाचा खर्च स्पष्ट लिहा, म्युझियमने फुकट करावं असं गृहीत धरू नका. आपल्याकडे डीएसटीने (केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने) २०२२ मध्ये सायंटिफिक सोशल रिस्पॉन्सिबिलिटीच्या गाईडलाइन्स काढल्यात, संशोधकांनी आपलं ज्ञान आणि साधनं समाजापर्यंत न्यावीत म्हणून, तेव्हा इन्स्टिट्यूटच्या ऑफिसात बोलताना त्याचा आधार घ्या.

२८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला करायचं असेल तर ऑक्टोबरमध्येच भेटा, जानेवारीत गेलात तर केंद्राचं सगळं ठरलेलं असतं, आणि त्या आठवड्यात तुमच्या संस्थेचाही ओपन डे असतो, स्टुडंट वाटले जातात. खरं तर मला विज्ञान दिन सोडून एखादा दिवाळीच्या किंवा मेच्या सुट्टीतला दिवस जास्त बरा वाटतो, गर्दी निवांत असते आणि लोक टेबलापाशी थांबतात.

कार्यक्रम संपला की सामान लॅबमध्ये परत नेऊ नका. पेट्यांवर मराठीत नावं लिहा, प्रत्येक पेटीत काय संपतं आणि ते कुठल्या दुकानात मिळतं याचा कागद ठेवा, केंद्रातल्या दोन एक्सप्लेनरना सगळे प्रयोग तुमच्याशिवाय करून दाखवायला लावा, आणि त्यांना अडलं तर फोन करता येईल असा लॅबमधला एक स्टुडंट नेमा. तो पास होऊन गेला की दुसरा नेमा, आणि केंद्राला तसं कळवा.